पंप आणि खुरपं यांच्या मधली जागा

कौसा,

काल मुंबईहून फोन आला. तुला जीवनगौरव पुरस्कार देणारी ती मंडळी. बोलणारा माणूस बरा होता, उगाच गळा काढून बोलला नाही. म्हणाला, पुरस्कार त्यांच्या हयातीतच ठरला होता, आता मरणोत्तर द्यावा लागेल. घरचं कुणीतरी घ्यायला या. तुम्ही त्यांच्या वहिनी, तुम्हीच आलात तर उत्तम, आणि दोन शब्दही बोला. कार्यक्रम दसरा झाला की लगेच आहे. मी म्हटलं, उद्या सांगते.

त्याच्या बोलण्यावरून कळलं की घेणार की नाही ते तू त्यांना कळवलंच नव्हतंस. मला तरी कुठे नीट सांगितलंस? आपलं त्यावरूनच भांडण चाललं होतं आणि ते अर्धवट टाकून, "खंडेनवमीला येते न मी, तवा बोलू," असं म्हणून तू फोन ठेवलास. भाद्रपदात तू गेलीस. आज खंडेनवमी आहे. आता दोन्ही बाजूंनी मीच बोलायचं आणि निकालही मीच लावायचा, अशी पाळी माझ्यावर आली आहे.

यंदा आपल्या घरी घट बसले नाहीत. तू लग्न केलं नाहीस, म्हणजे शेवटपर्यंत ह्याच घरची. सुतक आपलं, आणि वर्षभर सणही नाही. तरी तुझ्या दादांनी पहाटे उठून औजारं धुवायला काढली. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कुंकू लावायचं न्हाई, बराबर हाय. पर घाण तं ठिवता येत न्हाई." विळे, वखराची पास, कुऱ्हाड, मोटारीचे पाने, फवारणीचा पंप, खुरपी, सगळं अंगणात ओळीने मांडलं. तुझा भाचा विजू जालन्याहून आलाय, एमआयडीसीतल्या त्याच्या बियाण्याच्या कंपनीला सुट्टी आहे. त्याने मोटारसायकल धुऊन ओळीच्या शेवटाला लावली. मी चहा घेऊन बाहेर आले तर पंप आणि खुरपं यांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी. दादांना विचारलं नाही. त्यांच्या हाताला सवय आहे, हातानेच सोडली असेल.

ती जागा कशी झाली हे तुला सांगायला नको, पण मला आज ते पहिल्यापासून आठवून बघायचं आहे. निकाल लागलाच तर त्यातून लागेल.

तुझं पहिलं पारितोषिक आलं तेव्हा मी या घरात नवी होते. मी जालन्याची, कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, आणि सिनेमात काम करणारी नणंद मिळाली म्हणून मैत्रिणींत भाव खाऊन बसलेली. घनसावंगीपर्यंत बसने आणि पुढे जीपमध्ये कुणाच्या तरी बोकडाशेजारी बसून तू आलीस. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली पितळेची बाई, हातात दिवा धरलेली. मायने टॉवेल सोडला. तुझी आई, माझी सासू, पण सगळं गाव तिला मायच म्हणायचं. तिने ती मूर्ती उलटीपालटी करून पाहिली, बुडावर टिचकी मारली आणि विचारलं, "हे तुज्या कामाचं हाय का?"

"हाव माय, कामाचंच हाय."

"मंग ठिव तिकडं. उद्या खंडेनवमी हाय."

दुसऱ्या दिवशी दिवावाली बाई विळा आणि खुरप्याच्या मध्ये उभी. कपाळाला हळदकुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल. मला शाळेत नुकतीच नोकरी लागली होती, त्यामुळे जगाला शिकवायची खाज होती. मी मायला म्हटलं, अहो, हे औजार नाही, हे बक्षीस आहे, काम झाल्यावर मिळतं. औजार नांगरायच्या बाजूचं, हे खळ्यावरच्या राशीच्या बाजूचं. माय म्हणाली, "रास खाता येते. हे खाता येतं का?" तू पदर तोंडात कोंबून हसत होतीस. मला मदत करायचं सोडून.

मग दरवर्षी तेच. तू कुठेही असलीस तरी नवरात्रात यायचीस, नवं काही मिळालं असलं तर ओळ थोडी लांबायची. मूर्ती सगळ्या इथेच राहिल्या, कारण तुझ्या मुंबईच्या खोलीत तुला पाय पसरायलाच जागा नव्हती. कुंकू मूर्तींच्या घड्यांत जाऊन बसलं ते चिंचेनेही निघेना. एकदा मुलाखतीच्या फोटोसाठी तू त्या मागवून घेतल्यास तर सगळ्या बायांची नाकं लाल. मुलाखत घेणाऱ्या मुलीला तू शांतपणे सांगितलंस, आमच्याकडे सर्दीची साथ आहे.

ती सगळी पारितोषिकं सहाय्यक अभिनेत्रीची होती, याचा राग तुझ्यापेक्षा मलाच जास्त. आई, सासू, मावशी, दाई, दारात रडत उभी राहणारी शेजारीण. वयाच्या तिशीत तू तुझ्याएवढ्याच नटाची आई झालीस. शेजारच्या काकांनी पारावर विचारलं होतं, "सहाय्यक म्हंजी काय गं कौसा?"

"तुमच्या ट्रकवर क्लीनर असतो न काका, तसं."

"मंग डायव्हरला काय भेटलं?"

"डायव्हरला पिच्चर भेटला."

पार हसला, तूही हसलीस. घरी येऊन मी तुला म्हटलं, हसतेस काय, तो शब्द तुला लावू का देतेस? तू म्हणालीस, "वहिनी, रडायचं काम त्यांनी मला दिलंय, पैशे बी त्याचेच देतेत. फुकट कशाला रडू?"

आणि ते सत्कार! तालुक्यातल्या त्या गणेश मंडळाचा आठवतो? तुला शाल घातली, नारळ दिला, तू भाषण करून खाली बसलीस तर एक कार्यकर्ता वाकून कानाशी म्हणाला, "ताई, शाल जरा वापस द्या, एक पाव्हणे जास्तीचे आल्ते." तू ती नीट घडी घालून दिलीस आणि नारळही पुढे केलास. तो म्हणाला, न्हाई न्हाई, नारळ ठिवा. हा किस्सा तू मोठमोठ्या समारंभांत सांगायचीस आणि वर म्हणायचीस, माझा सगळ्यात खरा सत्कार तो, त्यांनी हिशेब तोंडावर सांगितला.

नंतर काही आलं नाही अशी वर्षं सुरू झाली. लोक विचारायचे, यंदा काय आणलं कौसा? तू म्हणायचीस, यंदा दुबार पेरणी हाय. एका वर्षी मात्र तुझं नाव शेवटच्या चार-पाचांत होतं. मायचं ठेवणीतलं इरकल नेसून तू त्या समारंभात बसली होतीस आणि आम्ही सगळे टीव्हीसमोर. दुसरीचं नाव पुकारलं. कॅमेरा तुझ्यावर आला, तू टाळ्या वाजवत होतीस. माय म्हणाली, "लय टाळ्या वाजवून राह्यली, हिलाच भेटलं का?" मी म्हटलं, नाही. माय म्हणाली, "मंग एवढं हसून कामून राह्यली?" 

त्या खंडेनवमीला तू आलीस ती कुणाशी न बोलता. मायने ओळ मांडली होती. तू गेलीस आणि एकेक मूर्ती उचलून घरात ज्वारीच्या कोठीमागे नेऊन टाकलीस. "ही हत्यारं न्हाईत माय. ह्यांच्यानं एक काम होत न्हाई. ही दाखवून मला एक पिच्चर भेटला न्हाई आजपोत." मला वाटलं, आता माय रडेल किंवा चिडेल. तिच्या हातात हळदकुंकवाचं तबक होतं. ती एवढंच म्हणाली, "मंग तुजं हत्यार कोन्तं? जल्दी आण. पूजा थांबली."

तू ओळीपाशी गेलीस. मग पंप जरा सरकवलास, खुरपं जरा सरकवलंस आणि मध्ये मांडी घालून बसलीस. रागानेच बसलीस. मायने काही नवल केलं नाही. पाशीला लावलं, पान्याला लावलं, पंपाला लावलं, तुझ्यापाशी आली आणि तुझ्या कपाळाला लावलं. मग दोन्ही हातांना, मग पावलांना, मग जरा विचार करून गळ्याला. "बोलायचं काम हाय न तुजं," म्हणाली. डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि दटावलं, "हालू नको, पडंल." फूल पडू नये म्हणून मान ताठ धरून तू बसून राहिलीस आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सिनेमात तुला इतकं रडताना पाहिलं, पण असं नाही. तिथे तुझा चेहरा हलायचा. माय पुढे सरकून खुरप्याला कुंकू लावत होती.

तेव्हापासून ती जागा तुझी. मूर्ती पुन्हा ओळीत आल्या नाहीत. एक लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून होती, एक अजून मागच्या दाराला अडसर आहे. पुजली जायचीस तू. त्या पूजेने कामं मिळाली असं काही नाही, पुढचं सगळं वर्ष तू बसूनच होतीस. तरी आलीस आणि बसलीस. माय गेल्याचं वर्ष सरल्यावरच्या पहिल्या नवमीला मी तबक घेऊन नुसती उभी होते. तू ओळीतून म्हणालीस, "वहिनी, आता तुमी." आपल्या नणंदेच्या गळ्याला कुंकू लावताना मला आधी लाज वाटली, नंतर वाटली नाही. मला मूलबाळ झालं, नोकरीतून मी निवृत्त झाले, घरात-शाळेत मानपानही मिळाले. पण तू मान वर करून माझ्यापुढे गळा धरायचीस, तेवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकला नाही. हे तुला कधी बोलले नाही. नणंदेला असलं काही बोलत नाहीत आपल्याकडे.

मागच्या नवमीला गुडघे वळेनात म्हणून तू खुर्चीत बसलीस. विजू म्हणाला, "आत्या, खुर्चीवर बसलेलं हत्यार पैल्यांदाच पाहून राह्यलो." तू म्हणालीस, "जुनं हाय बाबा, पर चालू हाय." सगळे हसले. मी तबक ठेवून तुला उठवायला हात दिला तेव्हा तू हळूच सांगितलंस, बऱ्याच दिवसांत कुणाचा फोन नाही. आजार नंतर आला, फोन त्याच्या आधीच थांबले होते.

आणि मग या उन्हाळ्यात जीवनगौरव. मला किती आनंद झाला होता! शेजारी पेढे वाटून मी तुला फोन केला, तर तू थंड.

"वहिनी, धार लावायची सोडून हार घालायला निघालेत."

मी म्हटलं, अगं, एवढी माणसं मान देतायत.

"मान देतेत तं काम बी द्या म्हणावं. म्हातारी सासू लागती की पिच्चरमधी. तिच्या जागी बी तरण्या पोरीला पांढरे केस लावून उभी करून राह्यलेत."

मी म्हटलं, ते वेगळं, हे वेगळं. नाकारलंस तर लोक म्हणतील माज आला.

 दम लागत होता तुला. मग म्हणालीस, "आपल्या घरी नवमीला हत्यार कामून पुजतेत? दसऱ्याला उचलायचं असतं म्हणून. दसऱ्याला उचलायचंच न्हाई, तं नवमीला पुजायचं कशाला?"

 विषय नवमीपर्यंत लांबणीवर पडला आणि फोन बंद झाला.

नंतर मला उत्तर सुचलं होतं. भाकरी थापताना सुचलं आणि तू येशील तेव्हा तोंडावर फेकायचं म्हणून मी ते जपून ठेवलं. उत्तर असं: तुला काम नव्हतं त्या वर्षीही मायने तुला पुजलंच की! तिने कुठे विचारलं, कामावर आहेस का म्हणून? मान आपल्या जागी, काम आपल्या जागी. घे तो पुरस्कार आणि ये घरी.

चांगलं उत्तर होतं. आज सकाळी ओळीपुढे उभी राहून मी ते तुला मनातल्या मनात दिलंसुद्धा. आणि लगेच मला दसऱ्याची सकाळ आठवली. त्या वर्षीचीही, नंतरचीही. सोनं वाटून झालं की माय तुला बसू द्यायची नाही. काम असो, नसो. तुझी पिशवी भरून ओट्यावर आणून ठेवायची, वर भाकरीचं फडकं, आणि म्हणायची, "चल, ऊठ. दसरा झाला. कामाला लाग." तू म्हणायचीस, माय, काम न्हाई तिकडं, चार दिवस राहू दे. "हितं बसून भेटणार हाय का? ऊठ." आणि पहिल्या जीपमध्ये बसवून मगच घरात यायची. म्हणजे माय तुला पुजायची ती दुसऱ्या दिवशी उचलायलाच. तूच बरोबर होतीस. तू इथे नसताना, दोन्ही बाजूंनी मीच बोलत असताना, तू मला हरवलंस.

तर मग फोन करून सांगायचं का, आम्हाला नको म्हणून? दादांना विचारलं. ते पाना पुसत होते. म्हणाले, "न्हाई म्हणणं तिच्या तोंडी शोभलं असतं. आपण कोण न्हाई म्हणणारे?" पुसून झालेला पाना पुन्हा पुसायला लागले. मग म्हणाले, "तिला जे बोलायचं व्हतं ते तं कुणी तिथं बोललं न्हाई न अजून."

मी आत जाऊन फोन लावला. सांगितलं, येते. दोन शब्द बोलते. त्या माणसाला हायसं वाटलं. कशाविषयी बोलणार ते कार्यक्रमपत्रिकेत टाकायला हवं म्हणाला. मी म्हटलं, आमच्या घरच्या नवमी-दसऱ्याविषयी. "वा, छान," म्हणाला, "सणाचं वातावरणच आहे."

तुला राग येईल, ठाऊक आहे. पण ऐक. मी हार घ्यायला चाललेली नाही. तुझा दसरा गेला, कौसा, त्याचं मला इतकं वाईट वाटतं की ते कुणापुढे बोलायची सोय नाही, आणि कुणी कितीही मोठी मूर्ती दिली तरी तो परत येत नाही. ती मूर्ती मी घरी आणीन, पण ओळीत ठेवणार नाही. ती जागा माणसाची आहे. मागच्या दाराला अडसर आहेच, पुढच्या दाराला नव्हता.

बोलणार आहे ते एवढंच. मायचं तबक, तुझं मांडी घालून बसणं, आणि तू मला फोनवर विचारलेला प्रश्न, तुझ्याच शब्दांत, आपल्या बोलीत. शाळेत जन्म गेला माझा, मागच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा ते मला येतं. कामं देणारे लोक त्या सभागृहात असतीलच. आणि पुढच्या रांगांत तुझ्या वयाच्या बायका असतील, ठेवणीतल्या साड्या नेसून, दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत. त्या जुन्या आहेत, पण चालू आहेत. त्यांचा दसरा अजून व्हायचा आहे.